आरएच निगेटिव्ह आईचा नमुना रक्तपेढीत आल्यावर

गरोदर बाईचा रक्तगट निगेटिव्ह निघाला की घरचे घाबरतात. निगेटिव्ह असणं हा आजार नाही, लाल पेशींवर डी नावाचा घटक नसणं एवढाच त्याचा अर्थ. भारतात साधारण शंभरातल्या पाच जणांचा गट निगेटिव्ह असतो, युरोपात पंधरा जणांचा. आम्हाला एवढंच शोधायचं असतं की या बाईच्या रक्तात त्या डीविरुद्धचं, अँटी-डी नावाचं प्रतिपिंड आधीच तयार झालंय, की अजून झालेलं नाही. झालं नसेल तर अँटी-डीचंच इंजेक्शन बाहेरून देऊन ते टाळता येतं. झालं असेल तर ते परत काढून टाकता येत नाही, मग बाळावर नजर ठेवायची. पुढचा सगळा रस्ता या एका उत्तरावर ठरतो, म्हणून त्या नमुन्याकडे आम्ही फार काळजीने बघतो.

पहिल्या तपासणीला जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत दोन ते तीन मिली रक्त पुरतं. नळीवर नाव, वय, नोंदणी क्रमांक आणि वेळ रुग्णासमोरच लिहावी. ‘सुनीता’ एवढंच लिहिलेली नळी आम्ही परत पाठवतो, त्यावरून कितीही वाद झाला तरी. गट दोन्ही बाजूंनी बघतो : तिच्या पेशींवर अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-डी घालून, आणि तिच्या प्लाझ्मात ए, बी, ओ गटांच्या ज्ञात पेशी घालून. दोन्हींचं उत्तर जुळलं तरच गट लिहायचा. अँटी-डीची प्रतिक्रिया अर्धवट, फिकी आली तर आई दुबळ्या डीची, म्हणजे पेशींवर डी फार कमी असलेली, असू शकते. दुबळ्या डीच्या काही प्रकारांत इंजेक्शनची गरज नसते, पण अपूर्ण डी, म्हणजे डीचा काही भागच नसलेल्या बायकांत अँटी-डी तयार होऊ शकतं. साध्या नळीतल्या चाचणीने हा फरक कळत नाही, त्याला जनुकीय तपासणी लागते. ती सोय नसेल तेव्हा आईला निगेटिव्ह धरून चालणं हाच सुरक्षित मार्ग. तीच बाई रक्तदात्री म्हणून आली तर मात्र तिची पिशवी पॉझिटिव्ह धरायची. एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन गट दिसतात ते कधी कधी यामुळे, आणि नातेवाईकांना हे आधीच समजावलेलं बरं.

शरीरात काय घडतं ते थोडक्यात. आई डी-निगेटिव्ह आणि बाळ डी-पॉझिटिव्ह असेल तर बाळाच्या लाल पेशी आईच्या रक्तात शिरल्यावर तिच्या प्रतिकारशक्तीला त्या परक्या वाटतात. गरोदरपणात थोड्या पेशी झिरपतात, पण मोठी गळती होते ती बाळंतपणात, वार सुटताना. पहिल्या ओळखीला आयजीएम वर्गाची प्रतिपिंडं तयार होतात, हळूहळू, काही आठवड्यांत. ती आकाराने मोठी असल्याने वारेतून पलीकडे जात नाहीत. तोवर बाळ जन्मलेलंही असतं. म्हणून पहिलं बाळ बहुतेकदा सुखरूप राहतं. पण स्मरणपेशी मागे राहतात. पुढच्या खेपेला थोड्याशाच पेशी आल्या तरी काही दिवसांत आयजीजी नावाचं लहान प्रतिपिंड तयार होतं, आणि आयजीजीला वार स्वतःच उचलून बाळाकडे पोहोचवते. एरवी हीच सोय बाळाचं जंतुसंसर्गापासून रक्षण करते. इथे तेच आयजीजी बाळाच्या लाल पेशींवर चिकटतं आणि बाळाची प्लीहा त्या पेशी फोडत राहते.

कसलंही इंजेक्शन न देता सोडलं, तर बाळाचा एबीओ गट आईशी जुळणारा असताना सुमारे १६ टक्के निगेटिव्ह आयांमध्ये पहिल्या पॉझिटिव्ह बाळानंतर अँटी-डी तयार होतं. गट जुळत नसेल, म्हणजे आई ओ आणि बाळ ए असेल, तर हेच प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास येतं, कारण आईच्या रक्तातलं अँटी-ए त्या पेशी ओळख पटण्याआधीच नष्ट करतं. अँटी-डीचं इंजेक्शन देण्यामागची कल्पना याच निरीक्षणाशी जोडलेली आहे.

आता खरी चाचणी : इनडायरेक्ट कूम्ब्स, सगळे तिला आयसीटी म्हणतात. आईच्या प्लाझ्मात किंवा सीरममध्ये मोकळं फिरणारं अँटी-डी आहे का, हे ती सांगते. नळीच्या पद्धतीत सीरमचे दोन थेंब आणि ओ पॉझिटिव्ह पेशींच्या तीन ते पाच टक्के द्रावणाचा एक थेंब एकत्र करून ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये पाऊण ते एक तास ठेवतो. मग सलाइनने तीन-चार वेळा धुतो, शेवटचं पाणी पूर्ण ओततो आणि अँटी-ह्युमन ग्लोब्युलिनचे (पेशींवरच्या प्रतिपिंडांना एकमेकांशी जोडणाऱ्या रसायनाचे) दोन थेंब टाकून सेंट्रिफ्यूज करतो. गुठळी दिसली तर पॉझिटिव्ह. आता पुष्कळ ठिकाणी जेल कार्ड आली आहेत. त्यात धुण्याची पायरीच नसते, पंधरा मिनिटं ३७ अंशांवर आणि दहा मिनिटं फिरवणं एवढंच. गुठळी झालेल्या पेशी जेलच्या वर अडकतात, मोकळ्या पेशी तळाशी बसतात. वाचायला सोपं आणि दुसऱ्या माणसाला दाखवता येतं, हा जेलचा मोठा फायदा.

नळीच्या पद्धतीत चूक होते ती धुण्यात. नळीत सीरमचा अंश राहिला की त्यातली प्रथिनं अँटी-ह्युमन ग्लोब्युलिनला आधीच गुंतवून ठेवतात. पेशींवर प्रतिपिंड असूनही गुठळी होत नाही आणि अहवाल ‘निगेटिव्ह’ जातो. म्हणून प्रत्येक निगेटिव्ह नळीत शेवटी आयजीजीने माखलेल्या तपासणी पेशींचा एक थेंब टाकावाच लागतो. त्या पेशींनी गुठळी केली तर रसायन जिवंत होतं, चाचणी खरी. नाही केली तर चाचणी रद्द, पुन्हा पहिल्यापासून. गर्दीच्या दिवशी ही पायरी गाळण्याचा मोह होतो, आणि धोकादायक निगेटिव्ह अहवाल जन्माला येतात ते इथेच. धुवून झाल्यावर ग्लोब्युलिन घालायला उशीर केला तरी चिकटलेलं प्रतिपिंड सुटून जातं. वॉटर बाथवरचा आकडा आणि आतलं खरं तापमान वेगळं असू शकतं, म्हणून आत थर्मामीटर ठेवावा. सेंट्रिफ्यूज जास्त फिरवला तर उलट चूक होते, नसलेली गुठळी दिसते.

आयसीटी पॉझिटिव्ह आली की दोन कामं. पहिलं, प्रतिपिंड कोणतं ते ओळखणं. प्रत्येक पॉझिटिव्ह आयसीटी म्हणजे अँटी-डी नव्हे. अँटी-सी, अँटी-ई, अँटी-केल अशी इतर प्रतिपिंडंही बाळाला त्रास देतात आणि ती आरएच पॉझिटिव्ह आईतही सापडतात, विशेषतः तिला पूर्वी रक्त चढवलं असेल तर. आधीच्या बाळाला तीव्र कावीळ किंवा पोटातच सूज आली असेल, तर गट पॉझिटिव्ह असला तरी आयसीटी करावी, असं आमचं ठाम मत आहे. दुसरं काम टायटरचं, म्हणजे प्रतिपिंड किती आहे ते मोजण्याचं. सीरम १:२, १:४, १:८ असं दुपटीने पातळ करत जायचं आणि स्पष्ट गुठळी दिसणारी शेवटची नळी लिहायची. नळीच्या पद्धतीत पुष्कळ ठिकाणी १:१६ ही धोक्याची रेषा मानतात. जेलमध्ये आकडा वर येतो, म्हणून एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी थेट ताडू नये. आम्ही मागच्या वेळचं सीरम गोठवून ठेवतो आणि नव्या नमुन्यासोबत त्याच दिवशी, त्याच पेशींवर पुन्हा लावतो. दोन नळ्यांची वाढ झाली तरच ती खरी वाढ. एका नळीचा फरक हाताच्या चढउताराचा असतो. अँटी-केल मात्र टायटरच्या हिशोबात बसत नाही. ते बाळाच्या अस्थिमज्जेत लाल पेशी तयार होणंच दाबतं, त्यामुळे कमी टायटरलाही बाळ फिकं पडू शकतं.

याच सुमारास वडिलांचा गट बघून घ्यावा. तेही निगेटिव्ह असतील तर बाळ निगेटिव्हच असणार. ते पॉझिटिव्ह असतील तर बाळ पॉझिटिव्ह असण्याची शक्यता त्यांच्यात डीच्या जनुकाची एक प्रत आहे की दोन यावर ठरते. ही चौकशी नाजूक असते. आईशी एकटीशी, बंद दाराआड बोलावं. शंकेला जागा असेल तिथे वडिलांच्या गटावर काही न सोडता इंजेक्शन द्यावं. नेदरलँड्स, डेन्मार्क या देशांत आईच्या रक्तात फिरणाऱ्या बाळाच्या डीएनएवरून बाळाचा आरएच आधीच कळतो आणि निगेटिव्ह बाळ असलेल्या आयांचं इंजेक्शन वाचतं. आपल्याकडे ही तपासणी अजून सर्रास हाताशी नाही.

आयसीटी निगेटिव्ह असेल तर २८व्या आठवड्यात पुन्हा आयसीटी आणि मग ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डी, दंडाच्या स्नायूत. कुल्ल्यावर दिलं तर चरबीत अडकून नीट शोषलं जात नाही. क्रम महत्त्वाचा : आधी नमुना, मग इंजेक्शन. उलट झालं तर इंजेक्शनचंच अँटी-डी आमच्या चाचणीत दिसतं आणि बाई ‘पॉझिटिव्ह’ ठरते. असा टायटर बहुधा १:४ च्या वर जात नाही आणि आठवड्यांगणिक उतरतो. बाईच्या शरीराने स्वतः बनवलेलं असेल तर तो टिकतो किंवा चढतो. पण हे ओळखायला इंजेक्शनची तारीख हवी, आणि ती माता-बाल संरक्षण कार्डावर नसली तर आम्ही अंधारात. एका गावात इंजेक्शन, दुसऱ्या गावी माहेरी बाळंतपण, ही आपल्याकडची रीतच आहे. म्हणून तारीख, मात्रा आणि बॅच क्रमांक कार्डावर लिहून घेण्याचा हट्ट आशाताईंनी आणि घरच्यांनीही धरावा.

कुपी दोन ते आठ अंशांतच ठेवायची. फ्रीजरच्या कप्प्यात गोठलेली कुपी वितळवून वापरायची नाही, फेकायची. औषधाच्या दुकानातून घरी नेताना बर्फाला थेट टेकवू नये, मध्ये कापड किंवा पुठ्ठा असावा. आणि ही लस नाही. लस शरीराला शिकवते. हे इंजेक्शन बाळाच्या आलेल्या पेशी झाकून साफ करतं आणि शरीराला शिकूच देत नाही. म्हणूनच त्याचा परिणाम काही आठवड्यांपुरता, म्हणूनच ते प्रत्येक गरोदरपणात नव्याने, आणि म्हणूनच स्वतःचं अँटी-डी तयार झालेल्या आईला त्याचा काडीचाही उपयोग नाही. तरी तिच्या हाती हजारोंच्या कुप्यांची चिठ्ठी दिली जाते, तेव्हा फार वाईट वाटतं.

परंपरेने हे औषध माणसांच्या प्लाझ्मातून येतं, आता भारतात प्रयोगशाळेतल्या पेशींपासून बनवलेला एकस्रोती (मोनोक्लोनल) प्रकारही मिळतो. न्यूयॉर्क आणि लिव्हरपूल इथल्या गटांनी साठच्या दशकात ते सिद्ध केलं आणि १९६८ साली अमेरिकेत त्याला परवाना मिळाला. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांच्या प्लाझ्मात हे प्रतिपिंड भरपूर होतं. त्यांनी २०१८ पर्यंत अकराशेहून जास्त वेळा दान केलं. प्लाझ्मातून आलेल्या प्रत्येक कुपीमागे अशा कुणीतरी हात पुढे केलेला असतो.

२८व्या आठवड्याची वाट बघायची नसते असे प्रसंगही येतात : बारा आठवड्यांनंतरचा गर्भपात, गर्भनलिकेतली गर्भधारणा, रक्तस्राव, पोटावर पडणं किंवा मार बसणं, गर्भजलाची तपासणी, आडवं किंवा पायाळू बाळ बाहेरून फिरवणं, बाळ पोटात दगावणं. यात ७२ तासांच्या आत इंजेक्शन हवं. बारा आठवड्यांआधीच्या गर्भपाताबद्दल मतं बदलली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये तिथे गरज नाही असं सांगितलं, आपल्याकडे बरेच डॉक्टर अजून लहान मात्रा देतात. गावात मुक्याने उरकलेल्या गर्भपाताची मात्र नोंदच नसते. पहिलंच बाळ असलेल्या बाईत चढलेला टायटर दिसला की आम्ही आधी जुना गर्भपात आणि जुनं रक्त चढवणं विचारतो, तेही सासरच्यांना बाहेर बसवून.

बाळंतपणात दोन नमुने हवेत : आईचं रक्त आणि नाळेचं रक्त. नाळेचं रक्त वारेकडच्या बाजूने, नाळ पुसून, सुईने शिरेतून ओढावं. कापलेल्या टोकातून नळीत पिळून भरलं की नाळेतली जेली मिसळते, पेशी चिकटून बसतात आणि खोटी गुठळी दिसते. मग आम्हाला सलाइनने सहा-सहा वेळा धुवावं लागतं. नळीवर ‘अमुकचं बाळ’ आणि वेळ. जुळी असतील तर चिमटे वेगळे, नळ्या वेगळ्या. आईची नळी चुकून बाळाची म्हणून आली अशी शंका आली तर लाल पेशींचा आकार बघतो. नवजात बाळाचा एमसीव्ही, म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान, सहसा १०० च्या वर असतो, आईचा नसतो. बाळाच्या गटाची उलटी बाजू, म्हणजे प्लाझ्मात ज्ञात पेशी घालून बघणं, करायची नाही, कारण त्याच्या प्लाझ्मातली प्रतिपिंडं आईची असतात.

नाळेच्या रक्तावर गट आणि डायरेक्ट कूम्ब्स, म्हणजे डीसीटी : बाळाच्या पेशींवर प्रतिपिंड आधीच बसलंय का. आईला २८व्या आठवड्यात इंजेक्शन मिळालेलं असेल तर डीसीटी फिकी पॉझिटिव्ह येऊ शकते, घाबरायचं कारण नाही. एक सापळा मात्र नीट लक्षात ठेवावा. डीसीटी जोरदार पॉझिटिव्ह आणि बाळाचा गट ‘निगेटिव्ह’ असं एकत्र आलं, तर गटावर विश्वास ठेवू नका. आईच्या अँटी-डीने बाळाच्या पेशींवरच्या डीच्या सगळ्या जागा भरल्या असतील तर आमच्या अँटी-डीला बसायला जागा उरत नाही आणि पॉझिटिव्ह बाळ निगेटिव्ह दिसतं. पेशी ४५ अंशांवर हलक्या गरम करून प्रतिपिंड सोडवलं की खरा गट दिसतो. त्या बाळाला निगेटिव्ह समजून घरी सोडणं फार महागात पडतं.

बाळ पॉझिटिव्ह आणि आईची आयसीटी निगेटिव्ह असेल तर ७२ तासांत पुन्हा ३०० मायक्रोग्रॅम. शनिवारी रात्री बाळंत झालेल्या बाईचा अहवाल सोमवारी दुपारी लिहिला तर अर्ध्याहून जास्त मुदत गेलेली असते. वेळ टळली तरी इंजेक्शन सोडून देऊ नये. दहा दिवसांपर्यंत काही ना काही संरक्षण मिळतं.

३०० मायक्रोग्रॅमची एक कुपी बाळाच्या ३० मिली रक्तापुरती, म्हणजे १५ मिली लाल पेशींपुरती. वार हाताने काढली, जुळी झाली, पोटाला मार होता किंवा बाळ कारण न कळता फिकं जन्मलं, तर गळती जास्त असू शकते. तेव्हा वार पडल्यावर पाऊण तासाने, इंजेक्शनच्या आधी, आईचं रक्त घेऊन, त्यात बाळाच्या किती पेशी आल्या ते मोजणारी क्लायहाउअर-बेटके चाचणी करायची. पातळ स्लाइड, ८० टक्के इथेनॉलमध्ये पक्की केलेली, मग पीएच ३.३ च्या आम्लात. प्रौढ हिमोग्लोबिन धुऊन जातं आणि आईच्या पेशींचं नुसतं टरफल उरतं, बाळाचं हिमोग्लोबिन एफ टिकतं आणि पेशी गडद गुलाबी दिसतात. दोन हजार पेशी मोजायच्या. त्यात १६ गडद सापडल्या तर ०.८ टक्के, त्याला ५० ने गुणलं की ४० मिली. भागिले ३० म्हणजे १.३. दशांश पाचच्या खाली असेल तर खालचा पूर्णांक, पाच किंवा वर असेल तर वरचा, आणि दोन्हींत सुरक्षेसाठी एक कुपी जास्त. इथे दोन कुप्या. ३४ सापडल्या असत्या तर ८५ मिली, २.८, म्हणजे तीन अधिक एक, चार कुप्या.

विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यांत इथे थबकावं लागतं. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा वारसा असलेल्या आईच्या स्वतःच्या पेशींतही हिमोग्लोबिन एफ वाढलेलं असू शकतं. मग स्लाइडवर मध्यम गुलाबी पेशींचा सडा दिसतो आणि गळती फुगवून लिहिली जाते. अशा वेळी फ्लो सायटोमेट्रीची (यंत्राने एकेक पेशी तपासून मोजण्याची) सोय असलेल्या केंद्रात नमुना पाठवावा.

आता अँटी-डी आधीच झालेल्या आया. टायटरने रेषा ओलांडली की आमचं काम थोडं मागे सरतं आणि सोनोग्राफीचं पुढे येतं. बाळाच्या मेंदूतल्या मधल्या धमनीत रक्ताचा वेग डॉप्लरने मोजतात. रक्त पातळ झालं की ते वेगाने धावतं. गरोदरपणाच्या त्या आठवड्यात एरवी दिसणाऱ्या मधल्या वेगाच्या दीडपट किंवा जास्त आकडा आला तर मध्यम ते तीव्र रक्तक्षय गृहीत धरतात. आधीच्या बाळाला आजार झाला असेल तर टायटरची वाट न बघता १६-१८ आठवड्यांपासूनच डॉप्लर सुरू करतात. दुरुस्तीचा उपाय पोटातच रक्त देणं. ते १९६३ साली न्यूझीलंडमध्ये विल्यम लायली यांनी पहिल्यांदा केलं. त्याला लागणारी पिशवी आम्ही देतो : ओ निगेटिव्ह, पाच दिवसांच्या आतली, पांढऱ्या पेशी गाळलेली, किरण दिलेली, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ७५ ते ८५ टक्के, आणि आईच्या सीरमशी जुळवलेली. जुळवणी बाळाशी नाही, आईशीच, कारण लढणारं प्रतिपिंड तिचं आहे. आई बॉम्बे गटाची (ओ गटाच्या पेशींवर असतो तो एच घटकही नसलेली) असेल तर ओ गटही चालत नाही, बॉम्बे गटाचाच दाता शोधावा लागतो. हा गट १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवला.

जन्मापर्यंत बाळाचं बिलिरुबिन, म्हणजे लाल पेशी फुटून बनणारं पिवळं द्रव्य, वारेतून आईकडे जात राहतं. नाळ कापली की ती वाट बंद. म्हणून असं बाळ जन्मतः पिवळं नसतं आणि काही तासांत पिवळं होतं. पहिल्या २४ तासांतली कावीळ कधीच साधी नसते. कोवळं ऊन दाखवून बघू, असं म्हणून वेळ घालवायची नाही. नाळेच्या रक्तात हिमोग्लोबिन आणि बिलिरुबिन लगेच, मग दर काही तासांनी बिलिरुबिन, निळ्या प्रकाशाखाली ठेवून. ताशी डेसिलिटरमागे ०.५ मिलिग्रॅमहून वेगाने चढत असेल तर रक्तबदलाची तयारी. त्याला बाळाच्या रक्ताच्या दुप्पट, किलोमागे साधारण १६० ते १८० मिली, ताजं रक्त लागतं. जुन्या पिशवीतलं पोटॅशियम बाळाच्या हृदयाला सोसत नाही. रक्तबदलानंतर बिलिरुबिन निम्म्यावर येतं आणि ऊतींतून परत वर चढतं, म्हणून दुसरी पिशवी आधीच हेरून ठेवतो.

आई ओ आणि बाळ ए किंवा बी, ही गोष्ट याहून पुष्कळ जास्त वेळा दिसते. ती पहिल्याच बाळातही होते, कारण ओ गटाच्या आईत अँटी-ए आणि अँटी-बी आयजीजी रूपात आधीपासून असतं. बाळाच्या पेशींवर ए-बी अजून कच्चे असतात आणि इतर ऊतीही प्रतिपिंड शोषून घेतात, त्यामुळे त्रास बहुधा सौम्य. डीसीटी फिकी किंवा निगेटिव्हही येते, स्लाइडवर गोलसर लहान पेशी दिसतात. याला इंजेक्शन नाही, आणि गरोदरपणात टायटर करून उपयोगही नाही. बाळाची कावीळ मोजत राहणं एवढंच.

कावीळ उतरली, बाळ घरी गेलं, तरी आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात काही आठवडे उरतात. पोटात असताना रक्त दिलेल्या बाळाची अस्थिमज्जा तर दात्याच्या पेशींमुळे शांत बसलेली असते. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन गुपचूप घसरतं, कावीळ अजिबात नसताना. म्हणून दोन महिने तरी दर एक-दोन आठवड्यांनी हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट (नव्या, कोवळ्या लाल पेशी) मोजावेत, डॉक्टरांनी दिलेलं फोलिक अॅसिड चालू ठेवावं. बाळ दूध ओढताना दमतं, घाम येतो, तळहात पांढरे दिसतात, ही लक्षणं आईला जाण्याआधी सांगून ठेवावीत. रेटिक्युलोसाइट वाढू लागले की बाळ स्वतःचं रक्त बनवू लागलं. तोवर त्याच्या गटाची आणि आईच्या प्रतिपिंडाची चिठ्ठी बाळाच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावलेली असावी.